वाढ कोणाच्या पैशावर?

हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, संशोधन केंद्र आले, राष्ट्रीय मंडळही स्थापन झाले. हिंगोली जिल्ह्यातील शेतकरी उत्पादक कंपन्यांना आता वाढीचे वेध लागले आहेत. मात्र यंत्रे कोणती घ्यावीत या प्रश्नाच्या आधी भांडवल कोणते वापरावे, या प्रश्नाचे उत्तर या कंपन्यांना द्यावे लागणार आहे.

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा राज्याच्या औद्योगिक नकाशावर कधीच ठळक नव्हता. केंद्र सरकारने २००६ मध्ये देशातील अतिमागास जिल्ह्यांची यादी केली तेव्हा त्या २५० जिल्ह्यांत हिंगोलीचे नाव होते. पाच तालुक्यांच्या या जिल्ह्याने गेल्या दोन दशकांत एका पिकाच्या बळावर मात्र स्वतःची ओळख निर्माण केली. हळदीच्या लागवडीत हिंगोली आज राज्यात आघाडीवर आहे. हंगामात हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात आणि वसमतच्या बाजारात वाहनांच्या रांगा लागतात आणि तेथे निघणाऱ्या भावाकडे शेजारच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचेही लक्ष असते.

सरकारदरबारीही या पिकाची दखल घेतली गेली. वसमत येथील बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्राला राज्य सरकारने २०२२ मध्ये मान्यता दिली. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय हळद मंडळाचे निजामाबाद येथे १४ जानेवारी २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २०३० पर्यंत एक अब्ज डॉलरच्या निर्यातीचे उद्दिष्ट जाहीर करण्यात आले. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संख्येबाबतही हीच गती दिसते. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेतील दहा हजारावी संस्था फेब्रुवारी २०२५ मध्ये स्थापन झाली.

थोडक्यात, नोंदणी करणे, सभासद जमवणे, भागभांडवल गोळा करणे हा पहिला टप्पा सरला आहे. आता प्रश्न वाढीचा आहे, आणि वाढीचे निर्णय स्थापनेच्या निर्णयांपेक्षा अधिक अवघड असतात. स्थापनेच्या वेळी उत्साह पुरतो. वाढीच्या वेळी ताळेबंद बोलू लागतो.

कायद्याचे कुंपण

शेतकरी उत्पादक कंपनी ही सहकारी संस्था आणि खासगी कंपनी यांच्यामधली व्यवस्था. योगिंदर अलघ समितीच्या शिफारशींच्या आधारे २००२ च्या दुरुस्तीने ती कंपनी कायद्यात आली आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर २०१३ च्या कंपनी कायद्यात तिला स्वतंत्र प्रकरण मिळाले. दहा उत्पादक एकत्र आले की कंपनी स्थापन होते. पाच ते पंधरा संचालक, पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी आणि भाग कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत, अशी तिची रचना आहे.

या रचनेचा हेतू स्वच्छ आहे. मालकी शेतकऱ्याच्या हातून निसटू नये, सहकारी साखर कारखानदारीत जे राजकारण शिरले ते येथे शिरू नये, अशी त्यामागची दृष्टी होती. पण याच कुंपणाने वाढीची एक वाट बंद केली आहे. उत्पादक नसलेल्या गुंतवणूकदाराला या कंपनीचे भाग घेता येत नाहीत. भागांची खुली खरेदी-विक्री होत नाही, हस्तांतर करायचे तर संचालक मंडळाची संमती लागते आणि तेही दर्शनी किमतीलाच. भागभांडवलावरील परतावाही मर्यादित असतो. शहरातील एखादी नवी कंपनी वाढताना हिस्सा विकून पैसा उभारते. वसमतच्या कंपनीला ते शक्य नाही.

मग पैसा येणार कोठून? सभासदांचे भाग, सरकारचे अनुदान, बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे कर्ज आणि व्यवसायातून राखून ठेवलेली शिल्लक, असे चारच मार्ग उरतात. यांपैकी पहिला तोकडा आहे, दुसरा बांधलेला आहे, तिसरा महाग आहे आणि चौथा संथ आहे. या चौघांचा मेळ कसा घालावा, हाच हिंगोलीतील कंपन्यांपुढचा खरा धोरणात्मक प्रश्न आहे.

भाव चढला की कंपनी आकसते

केंद्राच्या योजनेनुसार सभासदाच्या भागभांडवलाइतकेच, पण प्रतिसभासद २ हजार आणि प्रतिसंस्था १५ लाख रुपयांच्या मर्यादेत समभाग अनुदान मिळते. ७५० सभासदांची कंपनी धरली तर त्यांचे १५ लाख आणि अनुदानाचे १५ लाख, असे ३० लाख रुपयांचे स्वतःचे भांडवल उभे राहते. या योजनेत २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाला पतहमी आहे. उदाहरणादाखल असे समजू, की कंपनीला हे सगळे कर्ज मिळाले आणि ते सगळे खरेदीसाठी वापरता आले.

हळदीचा भाव क्विंटलमागे ७ हजार रुपये असेल तर २ कोटींत सुमारे २,८५० क्विंटल माल घेता येतो. भाव १४ हजारांवर गेला की त्याच रकमेत जेमतेम १,४०० क्विंटल माल येतो. म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने जो काळ सुगीचा, तोच काळ त्याच्या कंपनीच्या दृष्टीने आकसण्याचा ठरतो. प्रतवारीचे यंत्र, गोदाम, कर्मचारी यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. तो खर्च आता निम्म्या मालावर विभागला जातो.

ही केवळ कागदावरची कल्पना नाही. एप्रिल २०२३ मध्ये एनसीडीईएक्स या वायदे बाजारात हळद क्विंटलमागे ७ हजार रुपयांच्या आसपास होती. ऑगस्टच्या सुरुवातीला तिने १६ हजारांचा टप्पा ओलांडला. चार महिन्यांत दुपटीहून अधिक झालेली ही वाढ खासगी व्यापाऱ्यालाही पेलणे कठीण गेले असणार. ३० लाखांच्या भांडवलावर उभ्या असलेल्या कंपनीची गोष्टच वेगळी. अशा वेळी सभासदही कंपनीची वाट पाहत थांबत नाही. यार्डात रोख पैसे मिळत असतील तर तो माल तिकडेच नेतो आणि त्याला दोष देता येत नाही. पेरणीच्या तोंडावर त्याच्या घरातही पैशाची गरज असते.

खर्चाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. केंद्राच्या योजनेत व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत, म्हणजे महिन्याला सरासरी ५० हजार रुपये मिळतात. चौथ्या वर्षी हा आधार संपतो. वर्षाला सहा लाखांचा हा खर्च कंपनीला स्वतःच्या व्यापारातून भागवायचा असेल आणि सर्व खर्च वजा जाता क्विंटलमागे २०० रुपये सुटतात असे धरले, तर केवळ त्यासाठी ३ हजार क्विंटल हळद हाताळावी लागते. भाव चढलेल्या वर्षी २ कोटींच्या एका फेऱ्यात यातील निम्मा मालही होत नाही. म्हणून भांडवल किती आहे याइतकेच ते हंगामात किती वेळा फिरते यालाही महत्त्व आहे.

साठा म्हणजे बाजी

हळद हे साठवणुकीचे पीक आहे. लागवड मे-जूनमध्ये, काढणी फेब्रुवारीपासून, आणि त्यानंतर शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे उरकून माल मार्च ते जून या काळात बाजारात लोटतो. साठवून पुढे विकण्याचा मोह म्हणूनच स्वाभाविक आहे. सांगलीजवळच्या हरिपूरची जमिनीतील पेवे याच व्यवहारासाठी होती. पिढ्यान् पिढ्या व्यापारी त्यांत हळद राखून ठेवत आणि योग्य वेळी काढत. २००५ च्या महापुरात या पेवांचे मोठे नुकसान झाले. साठ्यात नफा असतो तसा धोकाही असतो, आणि तो केवळ भावाचा नसतो, हे सांगलीने तेव्हा पाहिले.

भावाचा धोका तर याहून मोठा आहे. २०१० च्या अखेरीस हळदीने १५ हजार रुपयांची पातळी ओलांडली होती. त्या तेजीच्या भरात लागवड वाढली आणि २०१२ च्या पूर्वार्धात भाव ४ हजारांच्या आसपास आले. वर वर्णन केलेल्या कंपनीने २ कोटींचा साठा धरला आणि भाव ३० टक्के जरी घसरला, तरी तोटा ६० लाखांचा होतो. कंपनीचे स्वतःचे भांडवल ३० लाख. म्हणजे एका हंगामातील चुकीच्या अंदाजाने ७५० कुटुंबांचे भाग आणि अनुदान बुडून वर तेवढेच कर्ज अंगावर राहते.

भाव पडला नाही, नुसता स्थिर राहिला तरी साठा फुकट पडत नाही. १४ हजार रुपये क्विंटलचा माल सहा महिने ठेवला आणि व्याजाचा दर वार्षिक १२ टक्के धरला, तर व्याजच ८४० रुपये होते. वजनात दोन टक्के घट गृहीत धरली तर आणखी २८० रुपये. गोदामभाडे आणि विमा वेगळा. म्हणजे भाव आठ टक्क्यांहून अधिक वाढला तरच साठवणुकीचा खर्च निघतो, नफा त्यानंतर.

वायदे बाजारात आगाऊ विक्री करून हा धोका झाकता येतो, असे सांगितले जाते. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे स्थगित केले, त्यांत हळद नव्हती, त्यामुळे हा मार्ग हळदीला उपलब्ध राहिला. पण त्यासाठी अनामत रक्कम भरावी लागते आणि विक्री करून ठेवल्यावर भाव चढू लागला तर रोजच्या रोज फरकही भरावा लागतो. खेळत्या भांडवलाची टंचाई असलेल्या कंपनीला तेथेही तीच अडचण आड येते.

अनुदानाचा कल

या पार्श्वभूमीवर अनुदानाचा ओघ कोठे जातो ते पाहिले पाहिजे. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या राज्याच्या ‘स्मार्ट’ प्रकल्पात उत्पादक कंपन्यांना पायाभूत सुविधांसाठी ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची सोय करण्यात आली. २०२० मध्ये आलेल्या केंद्राच्या कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. या योजनांनी ग्रामीण भागात गोदामे आणि प्रक्रिया केंद्रे उभी राहिली, हे त्यांचे श्रेय आहे. मात्र त्यांचा कल इमारत आणि यंत्राकडे आहे. हंगामात माल खरेदी करण्यासाठी लागणारा पैसा त्यांतून मिळत नाही.

दोन कोटींच्या प्रकल्पाला ६० टक्के अनुदान म्हणजे १ कोटी २० लाख रुपये सरकारचे. ही संधी सोडावी असे कोणत्याही संचालक मंडळाला वाटणार नाही. पण उरलेले ८० लाख कंपनीला उभे करायचे असतात. ३० लाखांचे स्वतःचे भांडवल त्यात ओतले आणि ५० लाखांचे मुदत कर्ज घेतले, की यंत्र उभे राहते. परंतु त्यात घालायला हळद आणण्यासाठी हातात काही उरत नाही. बँकेकडे खेळत्या भांडवलासाठी जावे तर तारण आधीच मुदत कर्जात अडकलेले असते. मग बँकेपेक्षा चढ्या व्याजाने वित्तसंस्थांकडून पैसा घेणे किंवा व्यापाऱ्याचा माल दळून मजुरी घेणे, एवढेच पर्याय उरतात. शेतकऱ्यांच्या कंपनीने ज्या व्यापाऱ्याला पर्याय द्यायचा, त्याचीच चाकरी तिच्या वाट्याला येते.

कर्ज काढून क्षमता वाढवायची, क्षमतेइतका माल मिळवायचा नाही आणि शेवटी कर्जापोटी कारखाना विकला जायचा, ही कथा महाराष्ट्राने सहकारी साखर कारखान्यांच्या बाबतीत पाहिली आहे. उत्पादक कंपन्यांचे आकडे लहान आहेत, पण चुकीचा घाट तोच आहे.

पूड, ब्रँड आणि निर्यात

वाढ म्हटली की पूड आणि ब्रँड यांची चर्चा पहिल्यांदा होते. कच्चा माल विकण्यापेक्षा पक्का माल विकावा, हे तत्त्व बरोबरच आहे. प्रश्न क्रमाचा आहे. स्वच्छ करून, प्रतवारी लावून हळकुंडे घाऊक खरेदीदाराला विकली आणि पैसे वीस दिवसांत परत आले, तर शंभर दिवसांच्या हंगामात ५० लाख रुपये पाच वेळा फिरतात आणि अडीच कोटींचा व्यवहार होतो. त्याच ५० लाखांची हळद पूड करून वर्षभर विकायची ठरवली तर व्यवहार एकदाच होतो. शिवाय दुकानदार उधारी मागतो, वितरक वाटा मागतो आणि जाहिरातीचा खर्च प्रस्थापित मसालेवाल्यांशी स्पर्धा करत करावा लागतो. पुडीत क्विंटलमागे नफा जास्त असू शकतो. पण त्या नफ्याची वाट पाहण्याइतके भांडवल ज्याच्याकडे आहे त्यालाच तो मिळतो.

निर्यातीबाबतही थोडी सावध नजर हवी. देशातून २०२२-२३ मध्ये १ लाख ५३ हजार टन हळद व हळदीचे पदार्थ निर्यात झाले आणि त्यांचे मूल्य सुमारे २० कोटी ७५ लाख डॉलर होते. किलोमागे ही सरासरी सुमारे १ डॉलर ३५ सेंट पडते. म्हणजे जहाजात माल चढला एवढ्याने मूल्य वाढत नाही. ते वाढते कीडनाशकांच्या अंशांची मर्यादा पाळल्याने, कुरकुमीनच्या खात्रीशीर प्रमाणाने आणि माल कोणत्या शेतातून आला याची नोंद ठेवल्याने. या गोष्टींना मोठ्या यंत्रापेक्षा प्रयोगशाळेतील तपासणी, सभासदांच्या शेतावरील शिस्त आणि वेगवेगळ्या प्रतीच्या मालाची वेगवेगळी साठवण लागते. त्यांचा खर्च तुलनेने कमी आहे. वसमतच्या मानांकनाचा उपयोगही येथेच आहे. केवळ मानांकन मिळाल्याने कोणी जास्त भाव देत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेल्या शेतकऱ्याचा माल वेगळा ठेवला गेला आणि त्याची खात्री देता आली, तरच त्या नावाला बाजारात किंमत येते.

उचल आणि अंतिम भाव

भांडवलाच्या कोंडीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग कायद्यातच आहे आणि तो हिंगोलीच्या शेतकऱ्याला अपरिचित नाही. ऊस घालणाऱ्याला पहिली उचल आणि नंतरचा हप्ता ही पद्धत ठाऊक आहे. उत्पादक कंपनीच्या कायद्यातही सभासदाने दिलेल्या मालाच्या किमतीचा काही भाग सुरुवातीला द्यावा आणि उरलेला राखून नंतर द्यावा, अशी तरतूद आहे. हा राखलेला भाग रोखीने देता येतो, वस्तुरूपाने देता येतो किंवा त्याबदली कंपनीचे भागही देता येतात.

या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व फार आहे. कंपनीने त्या दिवसाच्या भावाने माल विकत घेतला तर भावाचा सगळा धोका ३० लाखांच्या भांडवलावर येतो. त्याऐवजी सत्तर टक्के रक्कम उचल म्हणून दिली आणि उरलेली विक्रीनंतर हिशेब करून दिली, तर २ कोटींत जवळपास २ कोटी ८५ लाखांचा माल हाताळता येतो आणि भाव पडल्यास त्याची झळ विभागली जाते. भाव चढल्यास फायदाही सभासदालाच मिळतो. राखलेल्या रकमेतून क्विंटलमागे शे-दोनशे रुपयेही संमतीने भागभांडवलात वळवले, तर पाच हजार क्विंटल मालामागे वर्षाला पाच ते दहा लाखांचे स्वतःचे भांडवल तयार होते. हे अनुदानासारखे अटींत बांधलेले नसते आणि त्यावर व्याजाचा हप्ताही नसतो.

अर्थात उचलीची पद्धत विश्वासावर चालते. थकलेल्या ऊसबिलांचा अनुभव गाठीशी असलेला शेतकरी तीस टक्के रक्कम कोणाकडे सहजासहजी सोडणार नाही. म्हणून माल कोणत्या दिवशी, कोणाला, किती भावाने विकला याचा हिशेब सभासदासमोर मांडावा लागेल, अंतिम रकमेची तारीख आधी जाहीर करून पाळावी लागेल आणि ज्याला तातडीने पैसा हवा त्याच्यासाठी बाजार समितीच्या तारण कर्जाची किंवा मान्यताप्राप्त गोदामाच्या पावतीवरील कर्जाची सोय जोडून द्यावी लागेल. संचालकच स्वतः व्यापारी असेल तर हितसंबंधांची रेषा आखावी लागेल. व्यवस्थापनातील ही शिस्त हीच या कंपन्यांची खरी पत आहे.

सह्याद्रीचा धडा

वाढीचा विषय निघाला की नाशिक जिल्ह्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचे उदाहरण दिले जाते. ते योग्यच आहे, पण त्याचा अर्थ नीट लावायला हवा. २०२२ मध्ये युरोपातील गुंतवणूकदारांनी तेथे सुमारे ३१० कोटी रुपये गुंतवले. ती रक्कम शेतकरी उत्पादक कंपनीच्या भागभांडवलात आली नाही. कायद्याने ते शक्यही नव्हते. काढणीपश्चात प्रक्रियेचा व्यवसाय सांभाळणाऱ्या उपकंपनीत ती गुंतवण्यात आली. शेतकऱ्यांची कंपनी वर आणि बाहेरचे भांडवल घेणारी कंपनी तिच्या खाली, अशी ही मांडणी आहे.

हिंगोलीला हा मार्ग बंद नाही. पण सह्याद्रीच्या मागे द्राक्ष निर्यातीचा दशकभराचा अनुभव, ठरलेले खरेदीदार आणि नियमित हिशेब होते. गुंतवणूक त्यानंतर आली. हिंगोलीतील एकेकट्या कंपनीचा आकार पाहता तेथे पोहोचण्यापूर्वी चार-पाच कंपन्यांनी मिळून एक सामाईक प्रतवारी केंद्र, एक प्रयोगशाळा आणि एकत्रित विक्री उभारणे अधिक व्यवहार्य ठरेल. प्रत्येक गावात स्वतंत्र पूड गिरणी, तीही वर्षातील आठ महिने बंद, यापेक्षा ते शहाणपणाचे आहे. जिल्ह्यातील गावोगावच्या संचालक मंडळांना त्यासाठी आपापल्या नावाचा मोह थोडा बाजूला ठेवावा लागेल.

सरकारलाही धोरणाचा कल बदलावा लागेल. यंत्रासाठी कोटींचे अनुदान आणि खरेदीसाठी केवळ पतहमी, हे प्रमाण व्यस्त आहे. प्रकल्प मंजूर करताना पुढच्या दोन हंगामांच्या खेळत्या भांडवलाची तजवीज काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे आणि जी कंपनी सभासदांची शिल्लक भांडवलात वळवते तिला तेवढेच जोड अनुदान मिळाले पाहिजे. उत्पादक कंपन्यांना २०१८-१९ पासून मिळालेली आयकर कायद्यातील पूर्ण वजावटीची सवलत २०२३-२४ या आर्थिक वर्षापर्यंतच होती. नफा कंपनीत राखणे हाच ज्यांच्या वाढीचा मुख्य आधार, त्यांच्यासाठी त्या सवलतीचा विचार पुन्हा होणे आवश्यक आहे.

तोवर निर्णय कंपन्यांच्या हाती आहे. सभासदाचा विश्वास, उचलीची पद्धत, वेगाने फिरणारे भांडवल, प्रतवारी आणि तपासणी, त्यानंतर पूड आणि सर्वांत शेवटी ब्रँड, असा क्रम धरणारी कंपनी सावकाश वाढेल. पण भाव कोसळलेल्या वर्षीही तिचे दार उघडे राहील. हळदीच्या बाजारात मंदीची वर्षे येणारच आहेत. पुढच्या मंदीत किती कंपन्या सभासदांना अंतिम रक्कम ठरल्या तारखेला देऊ शकतात, यावरच या प्रयोगाचे मूल्यमापन होणार आहे.